शाळेसाठी मूळ चित्रं घ्यायची आणि निवड मुलांनी करायची, तर...

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेला सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांनी सव्वा लाख रुपये दिलेत. त्यातून भिंतीवर छापील फोटोफ्रेमऐवजी चित्रकारांची मूळ चित्रं लावावीत आणि ती मुलांनीच निवडावीत, असं मुख्याध्यापिका मॅडमच्या मनात आहे. संस्थेतली मंडळी म्हणतात, पोरांना त्यातलं काय कळतंय? चित्रकलेचे सर म्हणतात, मतदान घेऊन टाकू. मॅडमनी विचारलंय, करायचं कसं?

मॅडम, मी कोल्हापूर जिल्ह्यात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली शेवटची अकरा वर्षं जवळजवळ दरवर्षी एखाद-दुसरं मूळ चित्र शाळेसाठी घेतलं. आज तिथे एकोणीस चित्रं आहेत. सतरा मुलांनी विचार करून निवडलेली आहेत. उरलेल्या दोन चित्रांची गोष्ट आधी सांगतो, कारण तुमच्याकडे नेमके तेच दोन रस्ते सुचवले जातायत.

पहिल्या वर्षी आम्हीही मतदानच घेतलं. हॉलमध्ये सहा चित्रं मांडली, अख्खी शाळा रांगेने फिरवली, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. सहाशेच्या वर मतं पडली आणि पळणारे सात घोडे दणदणीत बहुमताने निवडून आले. एकेका पोराला त्या सहा चित्रांपुढे सगळं मिळून दीड मिनिट मिळालं असेल. दीड मिनिटात माणूस ओळखीचं तेच निवडतो, आणि सात घोडे तर गावातल्या निम्म्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर पळतच होते. चित्र लागलं, आठवड्याभरात कुणी मान वर करून बघेना. पुढच्या पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला म्हणून खाली उतरवून मागून पाहिलं, तेव्हा कळलं की ते चित्रच नव्हतं. कॅनव्हासवर मशीनने छापलेली प्रत होती आणि वरून ब्रशने पारदर्शक जेलचे फटकारे मारून रंगाचा जाडपणा आणला होता. मी चित्रकलेचा शिक्षक, मला मागून बघायचं सुचलं नाही. असो.

दुसऱ्या चित्राच्या वेळी मुलांचा गट होता, दोन महिने नीट काम झालं होतं, मुलांनी एक अमूर्त चित्र निवडलं होतं. करड्या रंगावर विटकरी पट्टे, बाकी काही नाही. शेवटच्या बैठकीत वरिष्ठांपैकी कुणीतरी म्हणालं, “हे काय शाळेत लावायचं?” आणि त्यांच्या ओळखीतल्या कुणाचं तरी एक व्यक्तिचित्र आलं. व्यक्तिचित्र वाईट नव्हतं. पण पुढच्या शनिवारी गटातली बारापैकी तीन मुलं आली. आठवीतल्या एकाने मला सरळ विचारलं, “सर, तुम्हाला आधीच माहीत होतं का?” मला त्याला उत्तर देता आलं नाही. मुलांना विचारायचंच नसेल तर विचारू नका, त्यात काही गैर नाही. विचारून मग फिरवू मात्र नका.

म्हणून तुमचं पहिलं काम चित्र शोधण्याचं नाही, ठराव करून घेण्याचं आहे. शालेय समितीच्या बैठकीत लेखी ठराव घ्या की अमुक अटींत बसणारं, विद्यार्थी गटाने निवडलेलं चित्र खरेदी करण्यात येईल. अटी मोठ्यांनी ठरवायच्या आणि सगळ्या आधीच सांगायच्या: कमाल किंमत, कमाल आकार, शाळेच्या वातावरणात टिकेल असं माध्यम, आणि विषयाबाबत जे चालणार नाही ते. नग्नचित्र तुमच्याकडे चालणार नसेल, तर तेही स्पष्ट लिहा. चर्चा झाल्यावर कुजबुजत सांगण्यापेक्षा ते बरं. कुंपण मोठ्यांचं, आतलं रान मुलांचं. सगळ्या संस्थाचालकांची सही आधी झाली की नंतर कुणी बोलत नाही, हा माझा स्वानुभव.

“पोरांना काय कळतंय” याला उत्तर म्हणून एक उदाहरण बैठकीत सांगा. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात गार्डेना नावाचं हायस्कूल आहे. तिथे १९१९ मध्ये मुख्याध्यापक जॉन व्हाइटली यांच्या पुढाकाराने शेवटच्या वर्गाने शाळेला निरोपाची भेट म्हणून एक मूळ चित्र दिलं: राल्फ डेव्हिसन मिलर यांचं सांता क्लारा खोऱ्याचं निसर्गचित्र. पुढे प्रत्येक बॅच स्वतः चित्रं बघून, निवडून, पैसे जमवून देत राहिली. हे १९५६ पर्यंत चाललं. आज तो कॅलिफोर्नियाच्या चित्रकलेचा नावाजलेला संग्रह मानला जातो, आणि तो जमवला सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी. इंग्लंडमध्ये नॅन यंगमन या चित्रकार बाईंनी १९४७ पासून १९६९ पर्यंत ‘पिक्चर्स फॉर स्कूल्स’ नावाची प्रदर्शनं भरवली. शाळांना परवडेल अशा किमतीत जिवंत चित्रकारांची मूळ कामं घेता यावीत हा हेतू. आपल्याकडचं शाळेचं उदाहरण मला ठाऊक नाही, पण संस्थेचं आहेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी खर्चाच्या एक टक्क्यापर्यंतची रक्कम चित्रांसाठी वापरण्याची परवानगी खुद्द नेहरूंकडून मिळवली होती. भौतिकशास्त्राच्या संस्थेत हुसेनचं भित्तिचित्र आहे ते त्यामुळे.

आता गट. दहा-बारा मुलं पुरेत, सातवी ते नववीची. दहावीची घेऊ नका, दिवाळीनंतर ती तुमची राहत नाहीत. आणि कृपा करून फक्त ‘चांगली चित्रं काढणारी’ मुलं निवडू नका. माझ्या गटात इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळालेली एक मुलगी होती. सुरुवातीला सगळ्यात चुकीचं बघणारी तीच, कारण तिला ग्रेड परीक्षेची सवय. रंग रेषेबाहेर गेलाय का, छायाभेद आहे का, घराच्या रेषा एका बिंदूला मिळतायत का, एवढंच ती तपासायची. दोन महिन्यांनी तिची नजर सुटली. उलट गुऱ्हाळावर काम करणाऱ्या घरातला एक मुलगा चित्रकलेच्या तासाला कायम खिडकीबाहेर बघत असायचा. चित्रात धूर कोणत्या बाजूला चाललाय हे सगळ्यात आधी त्याला दिसायचं. चित्र काढता येणं वेगळं, बघता येणं वेगळं. दोन्ही एकाच हातात असतीलच असं नाही.

पहिला महिना खरेदीचं नाव काढायचं नाही. दर शनिवारी एक चित्र, चाळीस मिनिटं. सुरुवातीला चांगल्या छपाईच्या पुस्तकातलं चालेल. पहिली पाच मिनिटं गप्प बसून बघायचं, मग तीन प्रश्न: यात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? हे प्रश्न माझे नाहीत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अबिगेल हाउसन यांनी बसवलेली ही पद्धत आहे, आणि आपल्या वर्गात ती सुरेख चालते. शिक्षकाने एवढंच करायचं की उत्तर आलं तर ते चित्रात बोटाने दाखवायला लावायचं. बोट काचेला न लावता. ‘छान’, ‘सुंदर’, ‘भारी’ या तीन शब्दांवर मी बंदी घातली होती. पहिले दोन शनिवार भयाण शांतता होती, तिसऱ्याला मुलं ऐकेनात.

त्या गुऱ्हाळवाल्या मुलाचीच गोष्ट. एका चित्रकाराकडून आम्ही तीन जलरंगातली चित्रं पंधरा दिवसांसाठी शाळेत आणली होती. त्यातलं एक पावसातल्या एसटी स्टँडचं. ओली फरशी, पत्र्याच्या छपराखाली एकच माणूस, पायाशी पिशवी. सगळे म्हणत होते, बसची वाट बघतोय. हा म्हणाला, “नाही. बस गेलीय त्याची.” मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, “वाट बघणारा माणूस रस्त्याकडे बघतो. हा खाली बघतोय.” खोलीत कुणी काही बोललं नाही. मी ते चित्र आधी चार वेळा पाहिलं होतं, मला ते दिसलं नव्हतं. तेच चित्र घेतलं. जिन्याच्या वळणावर लावलंय, आणि नवीन मुलाला शाळा दाखवताना पोरं आजही म्हणतात, हा बस चुकलेला माणूस.

चित्रं मिळवायची कुठून? फ्रेमच्या दुकानातून नको, इंटरनेटवरच्या ‘हँडमेड पेंटिंग’मधून तर नकोच. तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट इथली वार्षिक प्रदर्शनं बघा, शाहू स्मारक भवनात वर्षभर काही ना काही लागलेलं असतं. पुण्यात बालगंधर्व कलादालन. मुंबईला मुलांना नेणं जमलं तर जहांगीर कलादालन, आणि योग जुळला तर बॉम्बे आर्ट सोसायटीचं किंवा आर्ट सोसायटी ऑफ इंडियाचं वार्षिक प्रदर्शन. पहिली संस्था १८८८ ची, दुसरी १९१८ ची, आणि दोन्हीकडे तरुणांची कामं एका छताखाली बघायला मिळतात. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो, तुमच्या रकमेत बसणारी कामं तिथे सापडतात. सव्वा लाखात नावाजलेल्या चित्रकाराचं मोठं तैलचित्र शोधू नका. एक मोठं घेऊन पैसे संपवण्यापेक्षा तीन वर्षांत पाच-सहा लहान घ्या. नाहीतर निवडीचा अनुभव एकाच बॅचला मिळेल.

शाळांना सर्वांत परवडणारी गोष्ट म्हणजे मुद्राचित्र: लिनोकट, वुडकट, एचिंग. चित्रकार ठसा स्वतः कोरतो, स्वतः छापतो, मोजक्या प्रती काढतो. खाली डाव्या बाजूला पेन्सिलीने ३/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत, आणि उजवीकडे सही. लोक म्हणतील ‘छापील आहे की’, पण ते मूळ कामच आहे. मुलांना हे समजावण्याचा सोपा उपाय आहे: भेंडीचा ठसा सगळ्यांनी केलेला असतोच. मशीनवरची छपाई ओळखायला दहापट भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. ठिपक्यांची जाळी दिसली की समजायचं. कॅनव्हास असेल तर मागून बघा, कडा बघा, तिरप्या उजेडात धरून रंगाचा थर आणि आकार एकमेकांशी जुळतायत का बघा. माझ्या घोड्यांच्या अंगावरचे फटकारे घोड्यांच्या अंगाशी जुळतच नव्हते. भिंग मुलांच्या हातात द्या. एवढा उत्साह मी गॅदरिंगलाही पाहिला नाही.

चित्रकाराच्या घरी किंवा स्टुडिओत एक फेरी कराच. मुलं दोन प्रश्न हमखास विचारतात: किती वेळ लागला, आणि एवढी किंमत कशी? आधी फोनवर चित्रकाराला कल्पना द्या, म्हणजे तो अवघडणार नाही. एका चित्रकाराने आमच्या मुलांना रद्द केलेल्या कागदांची चळत दाखवली होती. त्याच दृश्याचे नऊ प्रयत्न फसलेले, दहावं भिंतीवर. किमतीबद्दल परत कुणी विचारलं नाही. घासाघीस मुलांसमोर करू नका, आणि मोठ्यांनीही एकदाच विचारायचं, शाळेसाठी काही कमी होईल का. नाही म्हणाला तर नाही. “शाळेला भेटच द्या की” हे तर अजिबात नको. चित्रकारालाही वीजबिल येतं.

शेवटची निवड कशी करायची? आमच्याकडे तीन चित्रं पंधरा दिवस गटाच्या खोलीत राहायची. प्रत्येकाने रोज येता-जाता बघायचं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकाने चार-चार ओळी लिहायच्या: कोणतं, आणि का. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या की मजा येते. निम्म्या मुलांचं मत बदललेलं असतं, आणि बहुतेक वेळा पहिल्या दिवशी आवडलेलं चित्र ‘संपलेलं’ असतं. हा शब्द त्यांचाच. मग बसून बोलायचं. हात वर करून मोजणी नाही, पण कुणाला अगदीच नको असेल तर त्याने कारण सांगायचं आणि इतरांनी त्याला उत्तर द्यायचं. दोनदा असं झालं की एकमत झालंच नाही. त्यांपैकी एकदा काहीच घेतलं नाही, एकदा दोन्ही घेतली. ज्या वर्षी काही घेतलं नाही, त्या वर्षी संस्थेला हिशेब देताना मला घाम फुटला, पण ठराव होता, निभावलं.

मुलांची निवड मोठ्यांपेक्षा ‘चांगली’ असते असा माझा दावा नाही. सतरापैकी तीन-चार चित्रं मला आजही फारशी आवडत नाहीत. एक तर चक्क मांजराचं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. सही केलेली पावती घ्या: चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष, किंमत. चित्र विकत घेतलं म्हणजे त्याचा कॉपीराइट शाळेचा होत नाही, १९५७ च्या कायद्याने तो चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर किंवा कॅलेंडरवर छापायचं असेल तर लेखी परवानगी पावतीसोबतच मागून ठेवा, बहुतेक चित्रकार आनंदाने देतात. मुद्दाम सांगून काढून घेतलेल्या चित्राला नियम वेगळा आहे, तिथे करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. भिंतीवरच चित्र रंगवून घेणार असाल तर आणखी जपून. विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, त्यावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पुढे भिंतीला नवा रंग देताना हे लक्षात असू द्या.

नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करावीच लागेल, बाक आणि पंख्यांच्या मधोमध. पण एक वेगळी वहीसुद्धा ठेवा. प्रत्येक चित्राला एक पान आणि त्या पानावर मुलांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. पुढच्या वर्षीच्या गटाला ती वही वाचायला दिली की तुमचं निम्मं शिकवणं वाचतं.

टांगण्याबद्दल मात्र मी जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण चित्रं तिथेच मरतात. सव्वा लाखातला पाचवा हिस्सा फ्रेम, काच आणि वाहतुकीला बाजूला काढा. कागदावरच्या कामाला आम्लमुक्त माउंट मागा. साधा पुठ्ठा पाच-सात वर्षांत कडेने तपकिरी डाग पाडतो. मागे प्लायवूड नको. काच चित्राला टेकता कामा नये. सातारा-कोल्हापूरकडच्या पावसात बाहेरची भिंत पाझरते, तिच्यावर चित्र नको. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहते. जलरंगावर थेट ऊन नको, पश्चिमेच्या खिडकीसमोर रंग उडायला लागतात. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतो, तुम्ही तो सव्वाचार फुटांवर घ्या. पाचवीच्या पोराला मान वर करावी लागू नये. मुख्याध्यापकांच्या खोलीत एकही चित्र लावू नका, रागावू नका पण तिथे मुलं शिक्षा घ्यायला येतात. जिना, वाचनालय, व्हरांडा, जिथे रांग थांबते अशा जागा बघा. पाण्याच्या टाकीजवळ रांग थांबते खरी, पण तिथे शिंतोडे उडतात.

शिपाईमामांना सोबत बसवून सांगा की काच कोरड्या फडक्याने पुसायची, पाणी फडक्यालाही लावायचं नाही. ऑफिसातल्या मंडळींनाही सांगा. आमच्याकडे एका भल्या माणसाने, पावसात खराब होऊ नये म्हणून, फ्रेमला पाठवायचं एक जलरंगातलं चित्र परस्पर लॅमिनेट करून आणलं होतं. प्रेमाने केलं होतं, त्यामुळे ओरडताही आलं नाही. त्या चित्रकाराकडे जाऊन मी स्वतः सांगितलं. तो पाच मिनिटं हसला आणि मग म्हणाला, आता ते दोनशे वर्षं टिकेल. मुलांनी तेही वहीत लिहून ठेवलंय.

सुरुवात कुठून करायची, तर औंधपासून. तुमच्याच जिल्ह्यात, यमाईच्या डोंगरावर, औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रं काढायचा, कीर्तनही करायचा. त्याने जमवलेली रविवर्मा आणि धुरंधरांची मूळ चित्रं तिथे आहेत, हेन्री मूरचं माय-लेकराचं शिल्पसुद्धा आहे. एका माणसाने आवडीने एकेक करून जमवलं की काय होतं, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. जाण्याआधी फोन करून सुट्टीचा वार विचारून घ्या. मुलांना सांगून ठेवा की सगळं बघायचं नाही, प्रत्येकाने एकच चित्र निवडून त्याच्यासमोर पंधरा मिनिटं थांबायचं. डबे डोंगराच्या पायथ्याशी खायचे, आणि कोणी कोणतं चित्र निवडलं ते परतीच्या एसटीत विचारायचं, तिथे नाही. समोरासमोर विचारलंत तर सगळे रविवर्मा म्हणतील.